ऑइल खाणारी जुनी पेट्रोल गाडी दुरुस्त करावी की विकून टाकावी?

आपली पेट्रोल गाडी चौदा वर्षांची आहे, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावे लागते आणि गॅरेजवाला इंजिन बांधायला सांगतो, म्हणून ती विकावी का, असे आपण विचारले आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनने निर्माण होणारा दाब, न तपासता जो इंजिन खोलायला सांगतो, त्याच्याकडे गाडी पुन्हा नेऊ नये. आणि न तपासताच जो विकायला सांगतो त्याचे ऐकू नये, मग तो घरातला का असेना.

हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून आम्ही वैभववाडीला निघालो होतो आणि मेहुणे त्यांच्या गाडीने मागे होते. घाटभर गाडी गिअरवर उतरवली आणि पायथ्याला ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा लोट उठला. चहाला थांबलो तेव्हा मेहुण्यांनी सगळ्यांसमोर निकाल देऊन टाकला, "दाजी, रिंग-पिस्टन गेलं. मिळंल त्या किमतीला काढून टाका." वास्तविक उतारावर थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, बंद असताना इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, जोरदार ओढ निर्माण होते, व्हॉल्व्हच्या दांडीवरचे ऑइल अडवणारे रबरी सील कडक झालेले असले की ऑइल तेथून खाली खेचले जाते आणि पुन्हा पेट्रोल मिळताच जळते. सकाळी सुरू करताना क्षणभर धूर येऊन थांबतो, तोही बहुधा सीलचाच. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असतील तर चढावर भार पडला की धूर येतच राहतो. हे मी तेथेच सांगितले. कोणी मनावर घेतले नाही.

गॅरेज-कारखान्यांचे उद्यमनगर हाताशी असताना कोल्हापूरकराने अंदाजावर का चालावे? तेथील मेकॅनिकने चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजणारा गेज लावला, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. ऑइल सोडल्यावर आकडा बराच वाढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजलेली असते. माझ्या गाडीचे आकडे आधीच चांगले होते आणि नंतरही फारसे हलले नाहीत. म्हणून फक्त सील बदलले. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह जागेवर धरले, त्यामुळे इंजिनाचे हेडसुद्धा उतरवावे लागले नाही. जुना सील नखाने दाबला तर त्याची कड तुटून हातात आली. नवा बोटांत सहज वाकत होता. खर्च इंजिन बांधण्याच्या मानाने किरकोळ झाला. मेहुणे याला नशीब म्हणतात आणि स्वतः नव्या गाडीचे हप्ते भरतात. गेजवरच्या आकड्याला नशीब म्हणणाऱ्याशी काय बोलायचे?

आपण आधी हजार किलोमीटरला किती ऑइल जाते ते मोजावे, गाडी सपाट जागी उभी करून. पाव लिटर जात असेल तर डिकीत डबा ठेवून खुशाल चालवावी. लिटरच्या घरात असेल तर तपासणी लांबवू नये, कारण प्लग आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही खराब होतात. इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदला आहे का, हेही पाहून घ्यावे. तो स्वस्तात बदलता येतो.

मात्र पुढच्या वर्षी पंधरा वर्षे पूर्ण होताच आरटीओची फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतील, तो खर्च आताच धरावा. आपल्याकडच्या पावसाने गाडीचा तळ गंजून पोकळ झाला असेल, तर इंजिनावर पैसे घालू नयेत. आणि हे सारे पेट्रोल गाडीपुरते आहे. टर्बो, म्हणजे जास्त हवा आत ढकलणारा पंखा, असलेले डिझेल इंजिन टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढू लागले तर किल्ली बंद करूनही त्याच ऑइलवर बेफाम फिरत राहू शकते, तेथे थांबून पाहण्याची सोय नाही.