सर्व्हर फिनलंडला धाडण्याआधी खोलीतली हवा बघा

तुमचा प्रश्न असा: म्हापशाच्या ऑफिसात दोन रॅकची (सर्व्हर एकावर एक बसवायच्या उंच सांगाड्यांची) सर्व्हर रूम आहे, एसीचं बिल झेपत नाही. बड्या कंपन्या थंड देशांत जातात, तर आपणही यंत्रं तिकडे भाड्याच्या जागेत ठेवली तर निम्मी वीज वाचेल का?

वाचते ती खोली गार ठेवण्याची वीज. सर्व्हर स्वतः खातो ती तिकडेही तेवढीच. एकूण वीज भागिले यंत्रांना पोचलेली वीज, या आकड्याला पीयूई म्हणतात. तुमचा 2 असेल आणि तिथे 1.1 मिळाला, तर जवळपास निम्मी वाचेल, हे खरं. पण लहान खोलीत 2 येतो त्यात गोव्याच्या उकाड्यापेक्षा मांडणीचा दोष जास्त असतो.

फिनलंडच्या हामिनात गूगलने जुनी कागद गिरणी घेतली आणि 2011 पासून तिथे समुद्राचं गार पाणी बोगद्यातून आणून हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे आतली उष्णता त्या पाण्याला देणाऱ्या यंत्रातून, फिरवतात. स्वीडनच्या लुलिओत फेसबुक 2013 पासून बाहेरचीच हवा गाळून आत घेते. आपल्याकडे तसं जमत नाही. पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारा कूलरही आषाढात हात टेकतो. त्या दिवसांत माठातलं पाणी कुठे गार होतं? डिसेंबरात रात्री खिडक्या उघडण्याचा मोह तर मुळीच नको. खाऱ्या हवेने मदरबोर्डवर चढलेला हिरवा बुरा मी स्वतः ब्रशने काढलाय, आणि तो बोर्ड पुढे टिकला नाही.

अंतराचंही बघा. इंटरनेटच्या फायबर केबलमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो, म्हणजे दर हजार किलोमीटरला जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद. केबलच्या वळणांसकट फिनलंडला 100 च्या वर जातात. बॅकअपला चालेल. हिशेबाचं सॉफ्टवेअर एका क्लिकला दहादा सर्व्हरला विचारतं, तिथे माणसं वैतागतील.

पणजीत पाटोवरच्या एका ऑफिसात एसी 18 वर, तरी वरचा सर्व्हर तापायचा. रॅकमधले रिकामे खण उघडे होते. मागची गरम हवा त्यांतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जात होती. खण पट्ट्यांनी बंद केले, दाराखालच्या फटीला रबर लावलं, एसी दोन दिवसांआड एकेक अंशाने चढवत 25 वर नेला. सर्व्हरच्या तोंडाशी 27 पर्यंत चालतं. तीनपैकी एक एसी कायमचा बंद झाला.

उद्या दुपारी तीनला सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या सर्व्हरच्या पुढच्या जाळीशी थर्मामीटर धरा आणि दोन्ही आकडे इथे कळवा.