वाय दाबण्याआधी डिस्क तपासा

लिनक्स सुरू करताना इनिटरामएफएसचा (बूटच्या सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टिमचा) प्रॉम्प्ट, वर 'एफएससीके हाताने चालवा' ही ओळ (एफएससीके म्हणजे फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, तपासून दुरुस्त करणारी कमांड), आणि मध्येच एखाद्या वेळी मशीन सुरळीत चालू होतं, असं तुम्ही लिहिलंय. ही लक्षणं चांगलीच ओळखीची आहेत. वाय पर्याय देऊन एफएससीके चालवा, असा सल्ला तुम्हाला मिळालाय. कृपया तो आत्ता पाळू नका.

वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून होकार. नुसती फाइलसिस्टिम बिघडली असेल तर बहुतेक वेळा निभावतं. पण डिस्कच जात असेल, तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमवरचा एफएससीके न वाचता आलेल्या ब्लॉकबद्दल आधी 'एरर सोडून देऊ का' विचारतो आणि लगेच 'जबरदस्तीने पुन्हा लिहू का'. दोन्हीला हो गेलं की त्या जागी जे असेल ते कायमचं पुसलं जातं. आयनोड म्हणजे एकेका फाइलची किंवा फोल्डरची नोंद; आयनोड टेबलच्या एका ४ केबीच्या ब्लॉकमध्ये साधारण १६ आयनोड असतात. त्यात एखादं फोल्डर असलं, तर त्याच्या आतलं सगळं लॉस्ट+फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये नावं जाऊन नुसत्या आकड्यांनिशी पडतं.

म्हणून लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) चालू करा, डिस्क माउंट करू नका (म्हणजे फाइली उघडायला जोडू नका), आणि स्मार्टसीटीएल चालवून बघा; डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी (स्मार्ट) ही कमांड दाखवते. तिच्या उत्तरात वर दिसणाऱ्या 'पास्ड'वर अजिबात विसंबू नका, डिस्क मरायला टेकली तरी ते तसंच दिसू शकतं. ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे भाग), १९७ (वाचायला अडलेले) आणि १९८ (दुरुस्त न होणारे) या ओळींचे रॉ, म्हणजे शेवटच्या रकान्यातले, आकडे बघा. १९७ शून्यापेक्षा जास्त म्हणजे वाचता न येणारे सेक्टर आत्ताच आहेत. फक्त १९९ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी डिस्कची साटा केबल बदला, डिस्क बहुधा ठीक आहे. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीला हे क्रमांक नसतात, तिथे मीडिया एररचा आकडा आणि क्रिटिकल वॉर्निंग बघा.

आकडे वाईट असतील तर आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारी कमांड) दुसऱ्या डिस्कवर प्रत. पहिल्या फेरीला एन पर्याय, म्हणजे खराब भाग खरवडत न बसता चांगला भाग आधी हाती लागतो; दुसऱ्या फेरीला डी (थेट डिस्कवरून वाचणं) आणि आर३ (खराब भागावर तीनदा पुन्हा प्रयत्न). मॅप फाइल (काय वाचून झालं याची नोंद) तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. लाइव्ह यूएसबीच्या होम फोल्डरमध्ये ठेवलीत तर ती रॅममध्ये असते, रीस्टार्ट झालं की गेली. एसडीए-एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं दर वेळी तीच राहतील याची खात्री नाही, सीरियल नंबर जुळवूनच कमांड द्या. एफएससीके मग त्या प्रतीवर चालवा. दोन्ही डिस्क जोडून बूट मात्र करू नका, दोन्हींचा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) एकच असतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका. वीज बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांना गाठा.

सर्व्हिस सेंटरचा मला खरंच राग येतो. १९७ चा आकडा समोर असताना 'सॉफ्टवेअर प्रॉब्लेम' म्हणून फॉरमॅट मारायचा आणि तीच डिस्क परत द्यायची! डेटा हवा असेल तर 'फॉरमॅट करू नये' हे पावतीवर लिहून घ्या.

स्मार्ट स्वच्छ निघालं आणि तरी फाइलसिस्टिम पुन्हा पुन्हा बिघडत असेल, तर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालू ठेवा. एकही लाल ओळ दिसली तर एकेक रॅमची पट्टी काढून बघा. आणि 'सुपरब्लॉकची वेळ भविष्यातली आहे' असा मेसेज असेल (सुपरब्लॉक म्हणजे फाइलसिस्टिमची मुख्य नोंद) तर आधी मदरबोर्डवरचा घड्याळाचा सेल बदला, बहुतेक डेस्कटॉपमध्ये तो सीआर२०३२ असतो.