पुन्हा धावायला लागताय? आधी पावागड चाला

तीन वर्षांच्या खंडानंतर परत धावायला सुरुवात करताय, फार छान! पण थेट वडोदऱ्याच्या कमाटीबागेत जुन्या वेगाने फेऱ्या मारू नका. दम काही आठवड्यांत परत येतो. टाचेमागची शीर आणि गुडघे मात्र धावण्याचा भार पेलायला महिने घेतात. बहुतेक दुखापती याच फरकातून होतात.

म्हणून पहिले दीड-दोन महिने चढ चाला. वडोदऱ्याची जमीन सपाट, पण पावागडचा डोंगर जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे आणि उंची ८०० मीटरच्या आसपास. रविवारी उजाडायच्या आत माचीहून (डोंगराच्या मधल्या टप्प्यावरून) पायऱ्या चढा. चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा. खरी काळजी उतरताना घ्या: तेव्हा मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. छोटी पावलं टाका, उड्या नकोत. जमत नसेल तर उतरायला रोपवे घ्या, त्यात कमीपणा नाही.

आठवड्यात दोनदा सपाटीवर एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं असं आलटून पालटून, एवढं पुरे.

हमखास होणाऱ्या चुका:
- जुनी वेळ गाठायचा हट्ट.
- झिजलेले जुने बूट. हे आधी बदला!
- दुखतंय तरी रेटणं. चालताना लंगडावं लागलं की त्या दिवशी सुट्टी.

हिवाळ्यातल्या वडोदरा मॅरेथॉनमध्ये यंदा पाच किलोमीटरचंच नाव द्या. हाफ मॅरेथॉनचं (२१ किलोमीटर) वेळापत्रक, घड्याळातले आकडे वगैरे ती शर्यत झाल्यावर विचारा, सगळं सांगेन.