केमो लागू पडेल का, हे सांगणाऱ्या चाचणीसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: वडील ६४ वर्षांचे आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोग, तिसरा टप्पा. ऑपरेशन झालंय, आता कॅपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्सॅलिप्लॅटिन सुरू होणार. एका लॅबचा माणूस म्हणतो, रक्तातले मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे छोटे रेणू) तपासले की केमो लागू पडेल का ते कळतं. खर्च ५२ हजार. ३ लाखांची एफडी मोडू का?

उत्तर: नको. आधी ऑन्कोलॉजिस्टना एवढंच विचारा: रिपोर्ट वाईट आला तर तुम्ही औषध बदलाल का? उत्तर ‘नाही’च येईल असं मला वाटतं. मग ५२ हजार देऊन हातात काय पडणार? घरातल्यांना आणखी एक घोर, दुसरं काय.

शास्त्र खोटं नाही. मायक्रोआरएनएच्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालंय, आणि मिआर-२१ या मायक्रोआरएनएचं प्रमाण वाढलं की ५-एफयू हे केमोचं औषध कमी चालतं असं प्रयोगशाळेत दिसलंय. (कॅपेसिटाबिनचं शरीरात ५-एफयूच होतं.) पण रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी काही मायक्रोआरएनएंचे आकडे चढतात, आणि किती आकडा म्हणजे ‘जास्त’ यावर लॅबा-लॅबांत एकमत नाही. म्हणून या आकड्यावर केमो ठरवण्याचा प्रघात नाही. विमा कंपनीकडूनही या बिलाची आशा धरू नका. सिद्ध न झालेल्या गोष्टी पॉलिसीत बहुधा वगळलेल्याच असतात.

खर्च करायचाच तर डीपीवायडी चाचणीबद्दल विचारा. ५-एफयू पचवणारं एन्झाइम काहींच्या जनुकांतच कमी असतं, ते यात कळतं, आणि नेहमीचा डोस त्यांच्या जिवावर बेतू शकतो. इथे रिपोर्टवरून डोस खरंच बदलतो. ऑपरेशनमधल्या गाठीची एमएमआर तपासणी (पेशींची डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणा शाबूत आहे का, ते बघणारी) झाली का, तेही बघा. गाठ फार खोल गेलेली नसेल आणि तीनपेक्षा जास्त लिम्फ नोड बाधित नसतील, तर कॅपेसिटाबिन-ऑक्सॅलिप्लॅटिन या जोडीची केमो सहाऐवजी तीन महिन्यांत भागते का, हेही विचारा. तुमच्या खिशाला सगळ्यात मोठा फरक तिथे पडेल.

पैसे कमी पडले तरी एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. वापराल तेवढ्यावरच व्याज. महात्मा फुले योजनेत हॉस्पिटल बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. जुनी करप्रणाली असेल तर ज्येष्ठांच्या कर्करोग उपचारावर १ लाखापर्यंत वजावट आहे. त्यासाठी तज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. डीपीवायडीचा रिपोर्ट मात्र पहिल्या गोळीआधी हातात हवा, तेव्हा डॉक्टरांना आजच फोन करा.