तयार रबरी ठशांनी केलेले चित्र आपले म्हणता येते का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. लाकडी ठोकळ्यावरचे रबरी ठसे घ्यावेत की पारदर्शक, मोठी भरीव आकृती छापताना ती मध्येच पांढरी आणि डागाळलेली का उमटते, आणि तयार ठशांनी केलेली कार्डे व भिंतीवरची पॅनेले आपले काम म्हणून दाखवली तर जाणकार लोक ती मानतील का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देते, कारण ती आपल्याला इतर कोणाकडूनही मिळतील. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी मुद्दाम लिहायला बसले आहे.

सुरुवात रबराने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. रबराचा ठसा साच्यात उष्णता आणि दाब देऊन तयार केलेला असतो, त्यामुळे त्यावरच्या बारीक रेघा वर्षानुवर्षे शाबूत राहतात आणि काचेवर किंवा धातूवर चालणाऱ्या सॉल्व्हंट (विद्रावकाच्या) शाईलाही तो दाद देत नाही. पारदर्शक ठसा फोटोपॉलिमरचा, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा असतो. त्याच्या आरपार दिसत असल्याने ठसा नेमका जागेवर ठेवता येतो, हा त्याचा खरा गुण. पण उन्हात तो पिवळा पडत जातो आणि सॉल्व्हंटच्या क्लीनरने खराब होऊ शकतो. नव्या पारदर्शक ठशावर शाई न पसरता थेंबाथेंबांनी गोळा होत असेल, तर त्यावरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा. मजकुराचे ठसे पारदर्शक घ्यावेत, कारण तेथे ओळ सरळ बसणे महत्त्वाचे असते; आकृत्यांसाठी रबर घ्यावे. वीस-पंचवीस ठशांचे संच घेऊ नयेत. एक पान, एक गवताची काडी आणि पार्श्वभूमीसाठी एखादा पोत एवढ्या सामग्रीवर बराच काळ काम करता येते, आणि तसे केले तरच हात तयार होतो.

आकृती डागाळण्याचे कारण बहुतेक वेळा ठशात नसते, ते कागदाच्या खाली असते. कडक टेबलावर भरीव आकृती नीट उमटत नाही. कागदाखाली फोमचा पातळ तुकडा किंवा माउस पॅड ठेवावे. कागद गुळगुळीत असावा, खरखरीत जलरंग कागदाच्या खळग्यांत शाई उतरत नाही. ठसा मोठा असेल तर तो उताणा धरून त्यावर शाईचे पॅड हलके हलके टेकवावे, पॅडवर ठसा दाबू नये. मग ठसा सरळ खाली ठेवून मध्यापासून कडांकडे बोटांनी दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. तो मागेपुढे हलवल्यास रबराच्या कडेची शाई कागदाला लागते आणि आकृतीभोवती नको असलेली रेघ उमटते.

आता तिसरा प्रश्न. माझ्या थोरल्या भावाने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे, आणि ‘रेघ तुझी नाही, तर चित्र तुझे कसे?’ हा दादाचा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आले आहे. तो हे चिडवण्यासाठी म्हणत नाही, त्याला ते मनापासून पटलेले आहे, आणि म्हणूनच ते मला अधिक लागते.

काही वर्षांपूर्वी मी एक पॅनेल केले होते. विषय साधा होता: नेच्याच्या पानांनी भरलेला दाट झाडोरा आणि त्यातून मागे जाणारा उजेड. सगळ्या पॅनेलसाठी नेच्याच्या पानाचा एकच रबरी ठसा वापरायचा, असे मी ठरवले होते. पॅनेल भिंतीवर उजेडात लागणार असल्याने डाय शाई मी विचारातही घेतली नाही; ती कागदात मुरते, लगेच वाळते, पण बहुतेक डाय शायांचा रंग प्रकाशात फिका पडतो. पिगमेंट शाईतले रंगाचे कण कागदावर राहतात, त्यामुळे ती उजेडाला टिकते, पण वाळायला फार वेळ घेते. सगळे काम या एका गोष्टीने लांबले. ठशांच्या कामात जे सर्वांत पुढे दिसायला हवे ते सर्वांत आधी छापावे लागते: पुढचे पान छापायचे, तेच पान पातळ कागदावर छापून कापून घ्यायचे, तो तुकडा मूळ पानावर झाकण म्हणून ठेवायचा आणि मग मागचे पान त्याच्यावरून छापायचे. झाकण काढले की मागचे पान पुढच्याच्या आड गेलेले दिसते. शाई ओली असताना झाकण ठेवले तर ते शाई उचलते, म्हणून प्रत्येक रांग पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागे.

खोली आणण्यासाठी मी रंग बदलला नाही. एकदा शाई लावलेला ठसा लगेच पॅनेलवर टेकवला की गडद पान मिळते, आधी रद्दी कागदावर एकदा उमटवून मग टेकवला की त्याहून फिके, आणि दोनदा उमटवून टेकवला की धुक्यातले वाटावे असे पान मिळते. पुढच्या रांगा पहिल्या दाबाच्या, त्यामागच्या दुसऱ्या, सर्वांत मागच्या तिसऱ्या. काही ठिकाणी ठशाचा अर्धाच भाग शाईने भरला, म्हणजे पानाचे टोक उजेडात विरघळल्यासारखे झाले. कोठे पान उलट्या दिशेने वाकायला हवे होते, पण ठशाची वळणाची बाजू तर एकच असते. तेथे गुळगुळीत रबराच्या सपाट तुकड्यावर आधी ठसा उमटवून, त्या तुकड्यावरची ओली आकृती लगेच कागदावर घेतली, म्हणजे ती आरशातल्यासारखी उलटी आली. एवढे करून कागद बोर्डावर चिकटवला आणि वरून संरक्षक स्प्रे दिला. ब्रशने वार्निश लावायचे नसते. कागदावरची शाई त्याने पसरू शकते.

हे पॅनेल मी एका सामूहिक प्रदर्शनासाठी पाठवले आणि ते परत आले. तयार ठशांचे काम स्वीकारता येत नाही, असे कारण दिले गेले. मांडणीत उणीव आहे, रंग मंद आहेत, असे म्हटले असते तर मी ते विचारात घेतले असते. पण पॅनेलविषयी एक शब्दही नव्हता, आक्षेप फक्त साधनावर होता. दादाने ते पाहिले आणि निवड करणाऱ्यांची बाजू घेतली. ‘ठसा स्वतः कोरून काम कर, मग कोणी बोलणार नाही,’ असे तो म्हणाला.

मी तसे केले. मऊ रबराच्या पाटीवर नेच्याचे पान कोरले आणि पुढच्या वर्षी त्या ठशाचे पॅनेल पाठवले. ते स्वीकारले गेले, टांगले गेले आणि त्याची वाखाणणीही झाली. ते पहिल्या पॅनेलपेक्षा कमकुवत होते, हे मी आजही ठामपणे सांगते. त्यात तीनच रांगा होत्या, मागचा उजेड नीट साधला नव्हता आणि पानांची गर्दी एकाच कोपऱ्यात झाली होती. पण रेघ माझी होती, एवढ्यावर ते चित्र माझे ठरले. आणि ज्यात प्रत्येक पानाची जागा, दाब, गडदपणा आणि क्रम मी ठरवला होता, ते चित्र माझे ठरले नाही. दादाला यात स्वतःचा विजय दिसला. मला यात फक्त एवढेच दिसते की पाहणाऱ्यांनी चित्र पाहिलेच नाही, अवजाराचा जन्मदाखला पाहिला.

जपानी लाकडी ठशांची चित्रे जगभर मोठी कला मानली जातात आणि तशी ती आहेतच. होकुसाई किंवा हिरोशिगे यांच्या नावाने आपण जी चित्रे पाहतो, त्यांत चित्रकार आराखडा काढत असे, कोरणारा कारागीर वेगळा असे आणि कागदावर छापणारा आणखी वेगळा असे. आराखड्याचा पातळ कागद फळीवर चिकटवून त्याच्यासकट कोरला जात असल्याने मूळ रेखाटन तेथेच संपत असे. आकाशाचा गडद निळा खाली येता येता जो हलका होत जातो, ती छटा छापणारा हाताने साधत असे: फळीवर रंग लावून, एका कडेला तो पुसून, प्रत्येक कागदासाठी पुन्हा नव्याने. त्या माणसाची त्या चित्रात एकही रेघ नव्हती. मग त्याचा हात त्यात नव्हता, असे दादा म्हणेल का? हा प्रश्न मी त्याला विचारला आहे. ‘तो कारागीर होता’ एवढेच उत्तर मला मिळाले. तयार ठशांबद्दलच बोलायचे, तर जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स यांनी १९१९च्या सुमारास चक्क कार्यालयीन शिक्के वापरून चित्रे केली, आणि ती आज गंभीरपणे अभ्यासली जातात. शिक्क्यावरची अक्षरे त्यांची नव्हती, कागदावरची रचना त्यांची होती.

म्हणून माझे उत्तर असे, की ठसा तुम्हाला फक्त रेघ देतो. ती कोठे ठेवायची, किती वेळा, कोणत्या दाबाने, कशाच्या मागे, किती शाईने आणि कोठे अजिबात नाही, हे सगळे तुमचे असते. हे निर्णय न घेता कार्डाच्या मधोमध एक फूल आणि खाली एक ओळ उमटवली, तर मात्र ते काम तुमचे आहे असे मीही म्हणणार नाही. तेथे दादाचा आक्षेप पूर्ण लागू होतो. अनेकांची कार्डे अशीच असतात आणि त्यांच्यामुळेच या माध्यमाला नावे ठेवली जातात, याचे मला दुःख आहे. कार्डावरही पॅनेलइतकाच विचार करता येतो. ए-५ आकाराचा जाड कागद मधोमध दुमडला की ए-६ आकाराचे, म्हणजे १०५ × १४८ मिलिमीटरचे कार्ड होते आणि ते सी-६ पाकिटात बसते. एवढ्या जागेत तीन पाने आणि बरीच मोकळी जागा ठेवून पाहावी. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने घालावी आणि आधी बोथट पट्टीने दाबरेघ ओढावी, म्हणजे कड फाटत नाही.

दादाच्या एका म्हणण्याला मी मान देते. एकदा तरी स्वतःचा ठसा कोरावा. तो ‘खरी’ कला म्हणून नव्हे, तर कोणती रेघ छापताना टिकते आणि कोणती बुजते, हे कोरल्याशिवाय कळत नाही म्हणून. ट्रेसिंग कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढून तो कागद रबरावर उपडा ठेवून घासावा. चित्र उलटे उतरते आणि छापल्यावर सुलटे येते. कोरताना रेघेच्या दोन्ही बाजूंचा उतार बाहेरच्या दिशेने ठेवावा, म्हणजे रेघ तळाशी रुंद राहते. आतून पोखरली गेली तर ती दाबाखाली कलंडते. वळणावर कोरणी वळवण्यापेक्षा रबर फिरवावे. खोडरबरावर कोरलेले ठसे प्लास्टिकच्या डब्यात किंवा पारदर्शक ठशांना लागून ठेवू नयेत, कारण खोडरबरातले मऊ करणारे द्रव्य काही प्लास्टिकांना चिकटून त्यांना खराब करते.

एम्बॉसिंगविषयी, म्हणजे पावडर वितळवून आकृतीला उठाव देण्याविषयी, आपण विचारलेले नाही, पण पॅनेल करणार असाल तर ते लागेल. पांढऱ्या कागदावर पारदर्शक चिकट शाईने आकृती उमटवून, त्यावर पारदर्शक पावडर टाकून ती वितळवली आणि वरून जलरंग फिरवला, तर आकृती पांढरीच राहते. केस वाळवण्याच्या यंत्राने हे होत नाही. ते पुरेसे तापत नाही आणि पावडर उडवून लावते, हीट गनच (खूप गरम हवा सोडणारे यंत्र) हवी. पावडर टाकण्यापूर्वी कागदावर अँटी-स्टॅटिक (स्थिर वीज घालवणारी) पिशवी फिरवावी, नाहीतर कण भलतीकडे चिकटतात. पावडर चकाकू लागली की उष्णता लगेच काढावी. जास्त तापली तर ती कागदात मुरते आणि उठाव जातो. खिडकी उघडी असावी. लाकडी ठोकळ्याचे ठसे धुताना पाण्यात बुडवून ठेवू नयेत, लाकूड फुगते आणि चिकटवलेले रबर सुटते; ओल्या कापडाने पुसणे पुरेसे आहे.

शेवटी एक अट, जी माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्याला लागू आहे. चित्र तुमचे असले तरी ठशावरचे रेखाटन दुसऱ्याचे आहे आणि त्याचे हक्क त्याच्याकडे असतात. घरच्यांना द्यायच्या कार्डांसाठी हा प्रश्न सहसा येत नाही, पण विकायचे असेल तर त्या ठशाच्या निर्मात्याने काय परवानगी दिली आहे ते आधी वाचावे. अनेक निर्माते हाताने उमटवलेल्या वस्तू विकू देतात. त्याच आकृतीच्या यांत्रिक प्रती काढू देत नाहीत, आणि काही जण आपले नाव वस्तूवर लिहायला सांगतात. मी प्रत्येक पॅनेलच्या मागे ठशाच्या निर्मात्याचे नाव, शाईचा प्रकार आणि कागद लिहिते, आणि त्याखाली माझी सही करते.