परग्रहावर जीव सापडला, तर मुलाची श्रद्धा टिकेल का?

ताई,

तुमच्या मुलाला खगोलजीवशास्त्रात, म्हणजे पृथ्वीबाहेरच्या जीवांचा शोध घेणाऱ्या शास्त्रात जायचंय आणि ते शिकता शिकता त्याचा प्रभूवरचा विश्वास उडेल, अशी तुम्हाला धास्ती वाटते. त्याने तुम्हाला विचारलं, "तिकडे कुणी असेल, तर येशू त्यांच्यासाठीही क्रूसावर गेला का?" तुम्हाला उत्तर सुचलं नाही आणि तुम्ही रागावलात.

रागावलात ते जाऊ द्या. पण त्याचा प्रश्न बंडखोरीचा नाही, फार जुना आहे. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ मतं निषिद्ध ठरवली. 'देव अनेक जगं निर्माण करू शकत नाही' हे त्यांतलंच एक. देवाच्या सामर्थ्याला कुंपण घालायला तेव्हा चर्चनेच नकार दिला. निकोलस ऑफ कूसा या जर्मन धर्मपंडिताने १४४० मध्ये इतर ताऱ्यांवरही रहिवासी असतील असं लिहिलं, आणि पुढे तो कार्डिनल झाला. जिओर्दानो ब्रूनो या इटालियन तत्त्वचिंतकाला चर्चच्या न्यायालयाने दोषी ठरवल्यावर १६०० साली जाळलं, हेही खरं. त्याच्यावरच्या आरोपांत अनेक जगांचं मतही होतं. मुलगा हे कधी ना कधी वाचणारच, ते तुमच्याकडून कळलेलं बरं.

तारणाच्या प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंतांचं एकमत नाही. कुणी बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्राचा पहिला अध्याय पुढे करून म्हणतात, एकच बलिदान साऱ्या सृष्टीला पुरेसं आहे. कुणी म्हणतात, ते जीव पापात पडलेलेच नसतील. तेव्हा "मलाही ठाऊक नाही, आपण मिळून वाचू" असं त्याला खुशाल सांगा. माझ्या अनुभवात मुलं अशा उत्तराने दुरावत नाहीत, प्रश्न दडपला की दुरावतात.

आता अभ्यासाचं. या विषयाचं रोजचं काम फार संथ असतं. दूरचे ग्रह शोधायची एक रीत अशी: ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. सूर्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला तर ०.०१ टक्क्यापेक्षाही कमी. आलेखातली ती बारीक खोच खरी, की ताऱ्यावरच्या डागाची करामत, हे ठरवण्यात महिने जातात. हे त्याला आवडेल का, ते आधी बघा. पदवी भौतिकशास्त्रात किंवा रसायनशास्त्रात घ्यावी, गणित पक्कं करावं, जीवशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग सोडू नये. खगोलजीवशास्त्राकडे पदव्युत्तर टप्प्यावर वळणंच माझ्या मते शहाणपणाचं.

आपल्या विश्वाखेरीज आणखीही विश्वं असतील, ही कल्पना मात्र वेगळी. ती गणितातून पुढे येते, पण प्रत्यक्ष पुरावा अजून नाही. तिच्यावर श्रद्धा उभारू नये आणि तिच्या भीतीने श्रद्धा सोडूही नये. इथे मला जॉर्ज लमेत्र आठवतात. ते धर्मगुरू होते आणि खगोलशास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्या सिद्धांताचा संबंध देवाने सृष्टी निर्माण करण्याशी जोडला, तेव्हा ते लमेत्रना रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धांत उद्या बदलू शकतो, देवाला त्याला बांधू नये, असं मला त्यातून उमगतं.

आणखी एक. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. १९८६ पासून ती खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्ग भरवते; प्रवेशासाठी धर्माची अट नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचला की त्याला अर्ज करायला सांगा, आणि तो अर्ज लिहायला बसेल तेव्हा शेजारी तुम्हीही बसा.