वाचकांचे प्रश्न : छोटं क्लॅरिनेट

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची आहे. भजनात पेटीबरोबर क्लॅरिनेट वाजवायचं म्हणते. पण बोटं पुरत नाहीत. छोटं ई फ्लॅट घेऊ का? (वाचक, देवगड)

उत्तर : इतक्यात नको. ई फ्लॅट जेमतेम 49 सेंटीमीटरचं, नेहमीचं बी फ्लॅट 66चं. हातात छान बसतं, पण सुरात ठेवणं कठीण. ओठ जरा दाबले की सूर चढतो, तार सप्तकात चिरकतो. बँडवाले ते सहसा मुरलेल्या वादकाकडेच देतात. शिवाय ज्या बोटांनी बी फ्लॅटवर पेटीची काळी पाच निघते, त्याच बोटांनी इथे वरची काळी दोन. म्हणजे सा धरला तिथे मध्यम.

तिला सी क्लॅरिनेट बघा. लांबी दोहोंच्या मधली, आणि लिहिलेला सी वाजवला की पेटीची पांढरी एकच निघते. भजनाला याहून सोयीचं काय? बऱ्याच सी क्लॅरिनेटला बी फ्लॅटचाच माउथपीस आणि रीड (माउथपीसवर बसवायची वेताची पातळ पट्टी) चालतं, दुकानात लावून बघा. बॉडी प्लॅस्टिकची घ्या. आपल्या दमट हवेत लाकूड फुगून जोड अडकतात. रीड दीड किंवा दोन नंबरचं. घेण्याआधी सगळी भोकं बंद करून सर्वांत खालचा सूर हळू फुंकायला लावा. फुटला, तर बहुतेक उजव्या हाताच्या अनामिकेखालून हवा सुटत असते. तसं झालं तर थोडं थांबा, हात वाढेल.

प्रश्न : बँडात ई फ्लॅट वाजवतो. वैशाखातल्या वरातीत माझा सूर कॅसिओच्या वर जातो. बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) ओढलं तर मधले सूर पडतात. (वाचक, चिपळूण)

उत्तर : नळीतली हवा तापली की सूर चढतो, अंशामागे साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). कॅसिओचा सूर जागचा हलत नाही. बॅरल ओढल्यावर पहिला फटका बसतो तो जी, ए, बी फ्लॅट या गळ्याच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या मधल्या, सुरांना, कारण तिथे वाजणारी नळीच सर्वांत आखूड. म्हणून बॅरल अर्धा मिलिमीटरच ओढा; बाकीचं मधल्या जोडावर काढा (बॉडी एकसंध नसेल तर). छोट्या नळीवर एक मिलिमीटरसुद्धा बी फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा जास्त फरक करतो. मग ओठ तपासा : कोपरे घट्ट, खालचा ओठ सैल. दातांनी आवळून वरचे सूर काढत असाल, तर कितीही ओढा, चढलेलंच राहील. सूर लावायचा तो पाच मिनिटं वाजवून झाल्यावर, आणि वाद्य दोन गाण्यांच्या मध्ये उन्हात ठेवू नका.